गिरिजाच्या खुर्चीभोवती गाडी

"तासाभराचं काम आहे," प्रफुल्ल गजभियेने जाहीर केलं. "गेलो, दाखवली, शिक्का मारून घेतला, आलो. तू चहाचं आधण ठेव. उकळी फुटायच्या आत खाली हॉर्न ऐकशील."

हे त्याने मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहून, खालच्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. नुसतं बायकोलाच सांगायचं असतं तर स्वयंपाकघरात सांगता आलं असतं.

"आजच्या चहाचं आधण ठेवू, का उद्याच्या?" गिरिजाने विचारलं.

प्रफुल्ल जिना उतरायला लागला. मस्कतमधल्या अर्ध्याअधिक ऑफिसांत जो गार वारा येतो तो आपण आखलेल्या डक्टमधून येतो, असं मानणारा तो इंजिनिअर होता. वारा ज्याचं ऐकतो त्याचं एक तपासणी केंद्र ऐकणार नाही?

खाली बंद गाड्या वाहून नेणाऱ्या रिकव्हरीच्या ट्रकवर त्याने स्वतः बांधलेली गाडी चढवून ठेवली होती. समोरून पाहिलं तर ती जीप होती, मागून पिकअप, आणि बाजूने पाहिलं तर वरातीसाठी सजवायची राहून गेलेली काहीतरी वस्तू. रंग मात्र झकास होता, निळा. ड्रायव्हरशेजारी, जिथे इतर गाड्यांना सीट असते तिथे, एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती. हात असलेली. कार्यक्रमाला मांडतात ती.

इथे खुर्चीचं सांगायला हवं, नाहीतर माणूस वेडा आहे असं वाटेल. सांगितल्यावरही वाटतंच, पण निदान कशापायी वेडा ते तरी कळेल.

गिरिजाचा मणका एकदा जो सरकला तो पुन्हा जागेवर आला, असं डॉक्टरांचं म्हणणं. मणक्याचं म्हणणं वेगळं होतं. कुठल्याही गाडीत बसवलं की दहा मिनिटांत ती म्हणायची, "थांबवा." मग हायवेच्या कडेला उतरून, कमरेवर दोन्ही हात ठेवून, रस्त्याचं काम नीट झालंय की नाही ते बघायला आलेल्या कॉन्ट्रॅक्टरसारखी ती उभी राहायची. पुन्हा बसायची, पुन्हा थांबवायला लावायची. एका शुक्रवारी ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी घरीच बरी." त्यानंतर दर शुक्रवारी ती तेच म्हणू लागली, आणि हळूहळू तिला विचारणंही बंद झालं.

शेजारच्या सीटवर आता भाजीची पिशवी बसायची. तिला बेल्टसुद्धा लागायचा, नाहीतर गाडी टुंईटुंई करून जीव खायची. पण पिशवी एक शब्द बोलत नव्हती. गिरिजा कशी, गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत चालू असायची: तो बघा कसा घुसतोय, सिग्नल लाल झाला हो, ही लेन आपली नाही, त्या टेकडीवर बघा बकरी कशी चढलीय. तेव्हा प्रफुल्ल वैतागायचा. आता तो दर शुक्रवारी हायवेवरून बाहेर पडायची एक तरी एक्झिट चुकत होता.

आणि मग इथल्या मराठी मंडळींच्या समितीचा जयंतीचा कार्यक्रम आला. समितीच्या खुर्च्या दार्सैत भागात, समितीचा कारभार बघणाऱ्या भीमरावकाकांच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवलेल्या असतात. ओमानचा अख्खा उन्हाळा एका खुर्चीच्या अंगावरून गेला होता. कुणीतरी तिच्यावर सतरंज्यांचं ओझंही ठेवलं असावं. पाठ जरा मागे रेललेली, कमरेपाशी हलकासा फुगवटा. नेमकी तीच गिरिजाच्या वाट्याला आली. आणि गिरिजा बसून राहिली! प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं, अध्यक्षीय झालं, आभाराचं तर मूळ भाषणांपेक्षा लांबलं, तरी ती एकदाही उठली नाही. सगळा हॉल घड्याळाकडे बघत होता आणि प्रफुल्ल बायकोच्या कमरेकडे.

"काका, ही खुर्ची मला हवी," तो भीमरावकाकांना म्हणाला.

"समितीची मालमत्ता आहे ती, प्रफुल्ल. ठराव लागेल."

ठराव झाला. 'गिरिजाताईंच्या कमरेच्या हितार्थ' असे शब्द त्यात होते. सूचक, अनुमोदक, टाळ्या, सगळं रीतसर.

खुर्ची आधी प्रफुल्लने आपल्या चांगल्या गाडीतच बसवून पाहिली. पण खुर्ची उंच आणि टप खाली; गिरिजाला बोहल्यावरच्या नवरीसारखी मान खाली घालून बसावं लागलं. समोरच्या दारातले हुसैनमियाँ जिन्यात उभे राहून हे बघत होते. माणूस रत्नागिरीचा, धंदा गाड्यांच्या स्पेअर पार्टचा, गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात मोठं यार्ड.

"खुर्ची गाडीत बसत नाय ना?" ते म्हणाले. "मग गाडी खुर्चीला बसव. माझ्याकडे पिकअपची चेसिस पडलीय उघडीनागडी. घेऊन जा, बांध वर काय बांधायचं ते."

आपण हे चेष्टेत म्हटलं होतं, असं हुसैनमियाँ पुढे सगळ्यांना सांगायचे. पण प्रफुल्ल इंजिनिअर. त्याच्याशी चेष्टा करताना आधी तसं सांगावं लागतं. कितीतरी शुक्रवार गालाच्या यार्डात गेले आणि खुर्चीभोवती गाडी उभी राहिली.

तर, तपासणी केंद्र.

इन्स्पेक्टर एक निवांत ओमानी गृहस्थ होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, खुर्चीपाशी थांबला, आणि बराच वेळ थांबूनच राहिला.

"सदीक," तो म्हणाला. ओमानमध्ये वाईट बातमीची सुरुवात नेहमी 'मित्रा' अशी होते. "ये क्या है?"

"पॅसेंजर सीट."

"ये कुर्सी है."

"सीट मतलब कुर्सीही ना, सर."

इन्स्पेक्टरने बेल्ट हातात घेतला. "बेल्ट किसको पकड़ेगा?"

"मॅडमको."

"और बेल्ट को कौन पकड़ेगा?"

"कुर्सी." प्रफुल्लने अभिमानाने खुर्चीच्या हातांना मारलेले बोल्ट दाखवले.

"और कुर्सी को?"

"फ्लोअर. चार स्क्रू."

फ्लोअर म्हणजे पत्रा होता. इन्स्पेक्टरने खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि कपाटाचा खण बंद करावा तसं हलकेच पुढे ढकललं. कडाड् असा आवाज झाला. खुर्ची कमरेतच मोडली.

"देखो," इन्स्पेक्टर अत्यंत प्रेमाने म्हणाला, "ब्रेक मारेगा तो कुर्सी जाएगा, बेल्ट जाएगा, मदाम भी जाएगा. सब साथ में. सीट लोहे का बनाओ, चेसिस को बांधो. बेल्ट भी चेसिस को बांधो. इन्शाल्ला, फिर आओ."

प्रफुल्ल खुर्चीचे दोन तुकडे छातीशी धरून जिना चढला. हॉर्न वाजला नव्हता. गिरिजाने आधणही ठेवलं नव्हतं.

"मोडली?" तिने विचारलं.

"तपासली," प्रफुल्ल म्हणाला.

तिने एक तुकडा हातात घेतला. कमरेपाशी जिथे फुगवटा होता तिथून बोट फिरवलं. "जाऊ द्या हो," ती म्हणाली. "मी घरीच बरी."

आजवर कुणी प्रफुल्लचं ड्रॉइंग नामंजूर केलं तर तो त्या माणसाशी आठवडाभर भांडायचा. या वाक्याशी कसं भांडायचं ते त्याला कळेना. त्याने फक्त एवढंच केलं, की ते तिला पुन्हा म्हणू द्यायचं नाही असं ठरवलं.

सीट लोखंडाची बनवणं अवघड नव्हतं; गालाला पाइप वाकवून देणारे पुष्कळ. पण वाकवायचा कसा? खुर्चीच्या पाठीचा तो बाक मोडून गेला होता. आणि तो पुन्हा आणायचा तर उन्हाळाच आणायला हवा होता. सुदैवाने मस्कतमध्ये उन्हाळ्याची टंचाई कधीच नसते.

भीमरावकाकांच्या गच्चीवर समितीच्या उरलेल्या खुर्च्या भर उन्हात मांडण्यात आल्या. आता त्यांच्यावर गिरिजाएवढं वजन ठेवायचं.

"किती धरू?" प्रफुल्लने कागद-पेन्सिल घेऊन विचारलं.

गिरिजाने एक आकडा सांगितला.

"बाबा, प्लस टेन करा," नववीतली उर्वी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

पुढचे दोन दिवस घरात प्रफुल्ल आणि उर्वी या दोघांना फक्त वरण-भात मिळाला. पण वजन ठरलं, आणि त्या हिशोबाने बासमतीच्या गोण्या खुर्च्यांवर चढल्या. भीमरावकाका रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन समितीच्या मालमत्तेची अवस्था बघत आणि फोन करत.

"एक उंटासारखी बसलीय, प्रफुल्ल. पुढचे दोन पाय दुमडून."

"बाकीच्या?"

"एक नमस्कार घालतेय. एकीला मी ओळखलंच नाही."

गोण्यांनी खुर्च्या वाकवल्या खऱ्या, पण जिथे नको तिथे. हुसैनमियाँच्या घरून गुलबानूभाभी मुद्दाम बघायला आल्या आणि त्यांना हसू आवरेना. "भाईसाब, तांदळाला कधी कंबर असते काय?" त्या म्हणाल्या. "ज्याची कंबर त्यालाच बसवा की."

समितीची पुढची सभा त्याच खुर्च्यांवर झाली. माणसं घसरत होती. समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच सभा वेळेवर संपली, आणि याबद्दल दोघा-तिघांनी प्रफुल्लचे खाजगीत आभार मानले.

शेवटी गिरिजाच म्हणाली, "मला नेऊन बसवा गच्चीवर."

"अगं, ऊन बघ काय आहे!"

"छत्री धरा."

एका सकाळी ती दार्सैतच्या गच्चीवर, शेवटच्या सरळ उरलेल्या खुर्चीवर जाऊन बसली. पाय गार पाण्याच्या टबात, डोक्यावर ओला टॉवेल, हातात गुलबानूभाभींनी पाठवलेलं कोकमाचं सरबत. प्रफुल्ल छत्री अशी धरून उभा होता की गिरिजा सावलीत राहील आणि खुर्चीची पाठ उन्हात. ही छत्री सूर्याबरोबर सरकवत राहावी लागते. डक्ट आखण्यापेक्षा ते कठीण निघालं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई कपडे संपले तरी जाईना.

"कुणी विचारलं काय चाललंय, तर काय सांगायचं?" गिरिजा म्हणाली.

"सीटचं माप."

"आणि मी विचारलं तर?"

प्रफुल्ल छत्री सरकवत राहिला. "अगं, ती भाजीची पिशवी बोलत नाही काही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे... मी एक्झिट चुकतो. मागच्या शुक्रवारी लुलू सुपरमार्केटला निघालो आणि एअरपोर्टला पोचलो. पार्किंगचं तिकीटसुद्धा घेतलं."

 गिरिजा जराशी सावरून, प्रफुल्ल उभा होता त्या बाजूला कलून बसली. खुर्चीची पाठ नेमकी तेव्हाच मऊ झालेली होती. तो कल तसाच उमटला. पुढे गालातल्या वेल्डरने विचारलं, "साब, ये डावे बाजू ज्यादा है, सीधा करूं?" तर प्रफुल्ल म्हणाला, "नाही. डिझाइन है."

तर लोखंडी सांगाडा झाला, वर फोम, वर निळं रेक्झिन, डोक्यामागे उशी. खाली चेसिसपर्यंत जाणारे चार जाड बोल्ट आणि प्रत्येकाखाली तळहाताएवढी पट्टी. आणि बेल्टच्या बाबतीत तर प्रफुल्लने कुणाला बोलायला जागाच ठेवायची नाही असं ठरवलं. इतर गाड्यांना असतो तसा एक बेल्ट? हॅ! हुसैनमियाँच्या दुकानातून त्याने शर्यतीच्या गाडीचा हार्नेस आणला. दोन पट्टे खांद्यावरून, दोन कमरेवरून, मध्ये पोटावर थाळीएवढं बक्कल.

"विमान उडवतंस काय रे?" हुसैनमियाँनी विचारलं.

"सेफ्टी, मियाँ, सेफ्टी."

"बघ हां. एवढं बांधून घातलंस तर वहिनी बोलायच्या बंद होतील."

"मग काय उपयोग?" प्रफुल्ल एकदम म्हणाला, आणि मग उगाचच बोल्ट आवळू लागला.

दुसऱ्या खेपेला इन्स्पेक्टरने सीट हलवली. हलली नाही. दोन हातांनी हलवली, मग पाय टेकवून. गाडी हलली, सीट नाही. "कुवेस, कुवेस," छान छान, म्हणत त्याने खांद्यावरचे पट्टे हातात घेतले आणि ते मागे कुठे जातात ते बघायला वाकला. पट्टे सीटच्या पाठीवरून सरळ खाली, मागच्या पत्र्यापाशी चेसिसला बांधले होते. चेसिसला बांधा म्हणालात ना? बांधलं.

"सदीक," इन्स्पेक्टर म्हणाला. "इधर बैठो."

प्रफुल्ल गिरिजाच्या सीटवर बसला. इन्स्पेक्टरने मागून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि खाली दाबलं. चांगलंच दाबलं.

"आक्सिडेंट में बेल्ट ऐसा खींचेगा. नीचे. पीठ का हड्डी सब एक के ऊपर एक." त्याने हात काढले. "पट्टा पीछे सीधा जाना मांगता, कंधे के बराबर. पीछे पाइप लगाओ, उसको बांधो." मग सीटच्या पाठीच्या त्या फुगवट्यावरून त्याने हात फिरवला. "मदाम का कमर खराब है?"

"आपको कैसे मालूम?"

"मेरा माँ भी गाड़ी में नहीं बैठता अब," इन्स्पेक्टर म्हणाला. "ईद पे भी बोलता है, तुम लोग जाओ." त्याने खिशातून पेन काढलं, काही लिहिलं नाही, पुन्हा ठेवलं. "पाइप कितना ऊंचा, वो मदाम का कंधा देख के बोलेगा. मदाम को लाओ."

मदामला आणा! जी गाडीत बसू शकत नाही म्हणून ही गाडी बांधली, तिला या गाडीत बसवून दाखवायला दुसऱ्या गाडीतून आणायचं होतं. रिकव्हरीवर चढवलेल्या गाडीतच गिरिजाला बसवून न्यावं, असं प्रफुल्लला सुचलं होतं. पण रिकव्हरीचा पठाण ड्रायव्हर म्हणाला की तो गाडी नेतो, वरात नेत नाही.

शेवटी मिरवणूकच निघाली. पुढे नेहमीच्या गाडीत प्रफुल्ल आणि गिरिजा, मागे रिकव्हरी, रिकव्हरीवर निळी गाडी. दर दहा मिनिटांनी "थांबवा". गिरिजा उतरून कमरेवर हात ठेवून उभी राहिली की मागे रिकव्हरीही थांबायची, आणि पठाणही उतरून, का कोण जाणे, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. येणारेजाणारे वेग कमी करून बघत होते. घामाने थबथबलेली गिरिजा प्रत्येक वेळी म्हणायची, "चला, बसते." एकदाही "परत फिरू या" म्हणाली नाही.

इन्स्पेक्टरने स्वतः दार उघडलं. "तफद्दल, सिस्टर." या, बसा. गिरिजा बसली. मागे आता खांद्याएवढ्या उंचीवर, सरकवता येईल असा आडवा पाइप होता. इन्स्पेक्टरने तो दोन बोटं वर करायला लावला. कमरेचा पट्टा पोटावर आला होता, तो खाली हाडावर घ्यायला सांगितला. पट्ट्याखाली बोटं सरकवून बघा म्हणाला, बक्कल एका दाबात सुटतं का ते तिच्याकडूनच सोडवून घेतलं. मग तो दोन पावलं मागे सरकला.

"कैसा लगता है, सिस्टर?"

गिरिजा समोरच्या काचेतून बघत होती. समोर केंद्राची भिंत होती, आणखी काही नव्हतं. तरी ती बघत होती.

"हो," ती मराठीतच म्हणाली.

"खलास!" इन्स्पेक्टरने टाळी वाजवली. "सीट पास. बेल्ट पास." तो गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आला. याआधीच्या दोन्ही खेपांना मामला गिरिजाच्या बाजूलाच अडकला होता, त्यामुळे इकडे यायची त्याला वेळच आली नव्हती. त्याने दार उघडलं.

"सदीक," तो म्हणाला. "ये क्या है?"

ड्रायव्हरच्या जागी एक मोडीतली सीट होती. ती प्लायवुडच्या तुकड्यावर, आणि प्लायवुड तारेने कशाला तरी बांधलेलं. बेल्ट नव्हताच. काम चालू असताना बसायला म्हणून प्रफुल्लने ती तात्पुरती टाकली होती, आणि नंतर आपणही या गाडीत बसणार आहोत हेच तो विसरून गेला होता.

"मेरा सीट," प्रफुल्ल बारीक आवाजात म्हणाला.

गिरिजा हसायला लागली. आधी तोंडावर पदर, मग पदरही आवरेना. ती गदागदा हसली, पट्टे तिच्याबरोबर हलले, आणि कमर दुखली नाही म्हणून ती आणखी हसली. इन्स्पेक्टरने आधी गंभीर राहायचा प्रयत्न केला, मग तोही हसला. पठाणाला काहीच कळलं नव्हतं, पण तो सगळ्यांत जास्त हसला. प्रफुल्लने आपल्या प्रतिष्ठेचा विचार केला, पण ती त्या वेळी तिथे कुठे सापडली नाही.

हुसैनमियाँनी यार्डातून बेल्टसकट एक सीट काढून दिली आणि एका दुपारी बसवूनही दिली. चौथ्या खेपेला शिक्का बसला.

शुक्रवारी सकाळी ते दोघेच निघाले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. दहा मिनिटं बसवतं का बघू, एवढंच. दहा मिनिटं झाली. गिरिजा बोलतच होती. "ही लेन सोडा. तो पांढरा बघा कसा अंगावर येतोय. अगंबाई, इथे पूल कधी झाला? सिग्नल, सिग्नल! एवढं काय चिकटायचं त्याच्या मागे?" प्रफुल्ल प्रत्येक गोष्टीला "हो गं" म्हणत होता आणि एकही एक्झिट चुकत नव्हता. सीब गेलं. "थांबवू का?" त्याने विचारलं. "कशाला?" ती म्हणाली.

बरकाच्या पुढे ती एकदम गप्प झाली. प्रफुल्लला वाटलं, दुखायला लागलं. वाटलं, आता म्हणेल. त्याने हळूच मान वळवून पाहिलं. गिरिजा झोपली होती. मान त्याच्या बाजूला, कंबर त्या कललेल्या फुगवट्यावर. तोंड जरासं उघडं. पट्टे जिथे असायला हवेत तिथे.

घराकडे वळायचं म्हणजे वेग कमी करायचा, पुलावर चढायचं, पुलाच्या तोंडाशी धक्का बसतो. पुढच्या पुलावरून वळू, असं त्याने ठरवलं. पुढचा पूल आला, त्यालाही धक्का दिसत होता. मग त्याच्या पुढचा. एसी बारीक केला, वेग एकसारखा ठेवला आणि तो सरळ जात राहिला. उजवीकडे खजुराच्या बागा गेल्या, बकऱ्या गेल्या, मुसन्नाची पाटी गेली, मस्कत शंभरेक किलोमीटर मागे पडलं.

सुवैकच्या अलीकडे पेट्रोल संपलं.